येणे, क्षमा आणि सूड



समजा, एका कंपनीकडे आपले दीड कोटी रुपये अडकले आहेत. माल पोहोचला, बिले मान्य झाली. पैसे मात्र येत नाहीत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने वाट दिली आहे: मागणीची नोटीस, १० दिवसांची मुदत, मग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज. पण ज्याने कुणाचा तरी व्यवसाय बंद पडू शकतो, असे पाऊल साधकाने उचलावे का?

इथे तुकोबांची आठवण होते. परंपरा सांगते, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. भावाच्या वाट्याची मात्र त्याच्या हाती दिली. क्षमा आपल्या हक्काचीच करता येते. आपल्या येण्यावर आपल्या कामगारांचे पगार अवलंबून असतील, तर ते सोडून देणे हा त्याग नव्हे. ते दुसऱ्याच्या ताटातले दान आहे.

म्हणून अर्ज जरूर करावा, पण हेतू तपासून. कायदाही आधी कंपनी वाचवू पाहतो. ते न साधल्यास अवसायन. तेव्हा प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे २४ महिन्यांपर्यंतचे देणे आणि तारण सोपवणारे कर्जदाते बरोबरीने. माल पुरवणारा रांगेत बराच मागे. सूडाने कंपनी बुडवणाऱ्याच्या हाती बहुधा सूडच उरतो.

सही करण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटा आणि स्वतःला विचारा: ती कंपनी उद्या सावरली आणि देणे फेडू लागली, तर मला आनंद होईल की खंत वाटेल? आनंद होणार असेल, तर निःशंक सही करा. खंत वाटणार असेल, तर पेन खाली ठेवा. आधी मनाचा हिशेब मिटवा.