उभ्याउभ्याचं जेवण

वडापावला कुणी ‘गरिबांचा बर्गर’ म्हटलं की माझा घास अडकतो. बर्गरपुढे निदान टेबल तरी असतं. वडापावचं सगळं गणित ताट नाही, चमचा नाही आणि दुसरा हात मोकळा नाही, यावरच मांडलेलं आहे.

१९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं मानतात. वडा आधीही होता, पावही होता. जागा मात्र अचूक होती: स्टेशनचं तोंड. लोकल गाठून पाळीवर पोचायचं, तर मांडी घालून जेवणार कधी?

मांडी घालायची जागा गिरणगावात, मुंबईच्या कापडगिरण्यांच्या वस्तीत होती. खानावळ. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार तिथे महिन्याच्या बोलीवर जेवत आणि रांधणाऱ्या बायका पगारापर्यंत उधारी ओढत. त्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. खानावळीत ताट होतं, ‘अजून भात वाढू?’ होतं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. पगार थांबले, तशा खानावळीच्या चुलीही मंदावल्या. काही कामगारांनी वडापावची गाडी टाकली. काल पंगतीला बसणारा आज कढईमागे उभा राहिला.

म्हणून वडापावला ‘मुंबईचा वेग’ म्हणून मिरवतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, हा वेग घेतला कुणी आणि लादला कुणी? चवीबद्दल तक्रार नाही. लसणाची सुकी चटणी, मीठ लावलेली तळलेली मिरची आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर मिळणारा चुरा, यांसाठी मीही रांगेत उभा राहतो. पण मी जेवून आलेला असतो. माझ्या पुढचा वॉचमन दोन वडापावांवर दुपार काढणार असतो. आम्ही दोघं एकच पदार्थ खातो, असं मला म्हणवत नाही.

आमच्या नाक्यावरच्या गाडीवाल्यानं मध्यंतरी दोन विटांवर फळी टाकून बाकडं केलं होतं. आठवड्याच्या आत ते कुणीतरी उचलून नेलं. वॉचमन आता शेजारच्या बंद दुकानाच्या शटरला टेकून खातो.