यमकवग्ग, गाथा ३ ते ५ : मनातलं गोणपाट



आजच्या गाथा धम्मपदाच्या पहिल्याच वग्गातल्या. माझ्या शब्दांत सार असं, की झालेला अपमान जो मनात घोळवत बसतो त्याचं वैर शमत नाही, आणि वैराला वैर हे औषध नाही.

वाचताना पोलादपूरकडचे शाळेचे दिवस आठवले. मधल्या सुट्टीत मुलं गोल करून डबे खायची. मी जवळ गेलो की गोल सरकून बंद व्हायचा. कारण कुणी बोलून दाखवायचं नाही, पण त्यांना आणि मला ते माहीत होतं. मी एकटाच पायरीवर बसायचो. घरी आईला सांगायचो, सगळ्यांनी वाटून खाल्लं.

आता पुण्यात नोकरी करतो. परवा टीममधले चौघे मला न विचारता चहाला गेले. मी कॉलवर होतो, एवढंच कारण. पण दुपारभर एक बग सुटेना. लहानपणी पुन्हापुन्हा बाजूला काढलं गेलं की मन नकाराची वाटच बघायला शिकतं. नसलेल्या जागीही त्याला तो दिसतो.

बाबासाहेबांनी तर याहून कितीतरी कठोर सोसलं. साताऱ्याच्या शाळेत त्यांचं गोणपाट वेगळं. ते रोज घरून आणायचं, परत न्यायचं, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. नळ शिपायानेच सोडायचा. शिपाई नसला तर तहान तशीच. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी हे लिहिलं, म्हणजे ते विसरले नव्हते.

मग गाथा विसरायला सांगते का? मला तसं वाटत नाही. २० मार्च १९२७ ला आपल्या महाडात बाबासाहेब हजारोंना सोबत घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला, कित्येक जखमी झाले. लोक चिडले होते, पण त्यांनी उलटा हात उचलू दिला नाही. पुढे तळ्याचा हक्क कोर्टात लढवला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकला. नळापाशी ताटकळलेल्या त्या मुलाने मोठेपणी सगळ्यांसाठी पाणी मिळवलं. आठवण त्यांनी जपली, पण तिचं वैर होऊ दिलं नाही.

काल आमच्याकडे एक नवा मुलगा रुजू झाला. जेवायच्या वेळी डबा हातात घेऊन दारात घुटमळत होता. ते घुटमळणं मी लगेच ओळखलं. खुर्ची सरकवली, म्हटलं, "ये रे, बस इथे." माझी जुनी गाठ सुटली असं म्हणणार नाही. पण त्या दुपारी तो बग मात्र सुटला.

आजचा संकल्प : 'मला का नाही बोलावलं' हा विचार आला की एक श्वास घ्यायचा, तो विचार आहे तसा बघायचा, आणि आजूबाजूला कोण एकटं उभं आहे ते शोधायचं. तुमच्या घरातलं पोर शाळेतून गप्प गप्प येत असेल, तर आज एकदा विचारा, डबा कुणासोबत खाल्लास?

साधु, साधु, साधु.