घंटा गेल्या, प्रार्थना राहिली



"आमचे चर्च लहान, घरे मोजकी, मुले शिकायला पुण्याला जातात आणि तिकडेच राहतात. आमचा कसला इतिहास?" असे आपण नांदेड-लातूरकडची माणसे नेहमी म्हणतो. आपला औरंगाबाद धर्मप्रांतही १९७७ सालचा. वसईला भेट दिली तेव्हा हाच विचार आमच्या मनात होता.

वसईच्या किल्ल्यात संत जोसेफ यांचे चर्च आहे. पोर्तुगीज काळात ते नगराचे मुख्य धर्मग्राम होते. सोळाव्या शतकात बांधलेल्या या चर्चची १६०१ मध्ये पुनर्बांधणी झाली, असे तेथील शिलालेख सांगतो. मनोरा अजून ताठ उभा आहे. पण छप्पर नाही, वेदी नाही, घंटा नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले, त्यांचे मठवासी धर्मगुरूही गेले. वसईच्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत पोहोचल्या. नांदेडला येणाऱ्या याच गोदावरीच्या काठी, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा वसईचीच मानली जाते.

एवढे गेल्यावर श्रद्धाही संपायची. पण ती संपली नाही! गोव्याच्या धर्मगुरूंनी धर्मग्रामे सांभाळली आणि गावोगावच्या कुटुंबांनी प्रार्थना सोडली नाही. त्याच वसईत १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. आज तेथे मराठीतून मिस्सा होते.

संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. ते धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. जपानी भाषा येत असल्याने ते मिशनऱ्यांचे दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. ज्या नगरात ते जन्मले ते ओस पडले, त्यांची साक्ष मात्र राहिली.

दगडी भिंतींवर किती भरवसा ठेवावा, हे लातूरच्या माणसाला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात त्याच भिंती अंगावर आल्या. तेव्हा ढिगाऱ्यातून माणसाला माणसानेच बाहेर काढले. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात आपल्यालाच जिवंत दगड म्हणतात. देवाचे घर आपल्या माणसांनी उभे राहते.

म्हणून या आठवड्यात एक करू या. संध्याकाळी जपमाळेनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू या: आपल्या घराण्यात पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला? कोणत्या गावी? त्यांना श्रद्धा कोणी दिली? ते वहीत लिहून ठेवू या आणि पुण्याच्या मुलांना फोनवर सांगू या. विचारायला उशीर केला तर सांगणारे उरणार नाहीत.

हे प्रभो, आमची चर्चे लहान असली तरी आमची घरे प्रार्थनेविना राहू देऊ नकोस. आमेन.