जमदग्नीचा राग

प्रेमाची कादंबरी लिहिणारा एका ठिकाणी हमखास अडतो. दोघांचा एकमेकांवर मनापासून जीव आहे. मग त्यांच्यात बिनसायचं कशावरून? सोपी कारणं हाताशी असतात. चिठ्ठी भलत्याच्या हाती पडते, मुलीचा बाप आडवा येतो, कुणीतरी कान भरतं. यावर पानं भरतात, पण खरं काय ते कळलं की भांडण मिटतं आणि त्या दोघांविषयी वाचकाला नवीन काहीच कळलेलं नसतं.

माहूरच्या रेणुकेची गोष्ट मराठवाड्यात पोराटोरांना पाठ असते. गडावर आईचा शेंदूरचर्चित मुखवटा तेवढा दिसतो. दर्शन घ्यायचं, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून घ्यायचा आणि दत्तशिखराकडे निघायचं. कादंबरी लिहिणाऱ्याने मात्र तिथे थोडं थांबून ही गोष्ट पुन्हा आठवावी. रेणुका पाण्यावर गेली. राजा चित्ररथ आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करताना तिला दिसला आणि क्षणभर तिचं मन चळलं. ती उशिरा परतली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, जमदग्नी ऋषीने, तिच्याकडे पाहताच ओळखलं. आईला मारा, असं त्याने मुलांना सांगितलं. चौघांनी ऐकलं नाही, परशुरामाने ऐकलं.

इथे गैरसमज कुठेच नाही. जमदग्नीला जे कळलं ते खरं होतं, आणि तरी त्याने केलं ते भयंकर होतं. दोघं समोरासमोर बसून बोलले असते तरी हे मिटलं नसतं.

याच दोघांची आणखी एक गोष्ट महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. ती गडावर फारशी कुणी सांगत नाही. जमदग्नी गंमत म्हणून बाण सोडतोय आणि रेणुका धावत जाऊन ते परत आणून देतेय. ज्येष्ठाचं ऊन, वेळ भर दुपारची. डोकं तापलं, पाय पोळले, म्हणून ती घटकाभर झाडाच्या सावलीत थांबली. उशीर का झाला, असं त्याने रागाने विचारलं. तिने उन्हाचं सांगितलं. तर हा गडी सूर्यालाच खाली पाडायला धनुष्य सज्ज करून उभा! शेवटी सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला, त्याने विनवण्या केल्या आणि छत्री व पादत्राणं देऊन सुटका करून घेतली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. दोन्हींत रेणुकेला उशीर झालाय. दोन्हींत तोच राग आहे. एकदा तो तिच्यासाठी सूर्यावर धनुष्य रोखतो, एकदा तिच्याच गळ्यावर येतो. सूर्यालाही न भिणारा हा माणूस आपला आहे, असं त्या दुपारी तिला वाटलं असेल, तर घात तिथेच पेरला गेला होता. प्रेमकथेतला संघर्ष मला इथे सापडतो: ज्या गुणावर जीव जडला, त्याच गुणाशी पुढे झुंजावं लागतं.

समजा, किनवटचा एक मुलगा. मुलीचे वडील अर्ध्या रात्री अत्यवस्थ होतात, तेव्हा तो हातातलं काम टाकून त्यांना नांदेडला घेऊन जातो. त्या रात्री ती त्याची होते. लग्नानंतरही तो असाच धावतो, पण आता दुसऱ्यांसाठी. तिच्या बाळंतपणातही तो कुणाच्या तरी जामिनासाठी कोर्टात गेलेला असतो. तो बदललेला नाही. बदल, असं सांगायचं तर ज्याच्यावर भाळली तोच माणूस तिला नको म्हणायचा. त्याची बाजूही तितकीच खरी हवी. लिहिणाऱ्याने एकाला दोषी ठरवलं की कादंबरी तिथेच बसते. रा. रं. बोराड्यांची १९७१ची ‘पाचोळा’ प्रेमकथा म्हणून कुणी वाचत नाही, पण त्यातल्या शिंप्याची बायको बोलू लागते तेव्हा नवऱ्याच्या मानी स्वभावाची धग आणि त्याच्यावरची माया एकाच बोलीतून येते. मला ती या कामी मोठी शाळा वाटते.

समेटाचंही तसंच. परशुरामाने वडिलांकडे वर मागितला: आई उठू दे, आणि मारल्याचं तिला आठवू नये. पुराणाला हे चालतं. कादंबरीत असा वर देता येत नाही, आणि इथेही तो फक्त रेणुकेला मिळाला. जमदग्नीला सगळं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाण्याला निघाली असेल, तेव्हा तो काय म्हणाला असेल? त्या प्रकरणापासून लिहायला बसावं.