उठवलेल्या गावाचं पाणी

एखादी जागा सुंदर राहावी म्हणून तिथली माणसं उठवली, आणि मग ती सुंदर जागा बघायला आपण पैसे भरून गेलो, तर आपण नेमकं काय केलं? हा प्रश्न मला व्हिएतनामच्या हालाँगच्या पाण्यावर पडला. ज्या माणसापुढे तो मांडावा ते माणूस शेजारच्याच खुर्चीत होतं, हे माझं भाग्य. माझी आत्या जन्मभर साताऱ्यात भूगोल शिकवत आली. मी हानोईत नोकरी करते. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गुडघ्यांचा विचार करून मी दिवसभराची, चांगली महागातली बोट ठरवली. हानोईहून एक्सप्रेसवेने अडीच तास, तुआन चाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघायचं, सुंग सॉटची गुहा, लुओन, ‘ती तोप’ नावाचं बेट, जेवण बोटीवरच आणि संध्याकाळी परत.

लुओनला मोठी बोट आत जात नाही. कड्याच्या पोटातून एक बुटकी कमान गेलेली आहे. तिच्याखालून बांबूच्या होडीतून वल्हवत नेतात आणि पलीकडे चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेलं तळं लागतं. आमची होडी वल्हवणारी बाई चाळिशीची असेल. माझ्या मोडक्यातोडक्या व्हिएतनामीत मी तिला गाव विचारलं. ती म्हणाली, कुआ वान. म्हणजे याच बेटांच्या आडोशाला पाण्यावर तरंगणारं गाव. 2014 मध्ये सरकारने कुआ वान आणि तशीच आणखी काही गावं उठवली आणि तीनशेहून जास्त कुटुंबांना किनाऱ्यावर हा फाँगला नेऊन वसवलं. “तेव्हा गोडं पाणी विकत घ्यायचो आणि मासे आमचे होते,” ती म्हणाली. “आता पाणी नळाला येतं आणि मासे विकत आणते.” तिची मुलगी वरच्या वर्गात शिकते आहे. परत जायला आवडेल का, असं विचारलं तर म्हणाली, मला नाही, पण माझ्या आईला विचारलंत तर ती वेगळं सांगेल.

मोठ्या बोटीवर परत आलो तेव्हा जेवणाची पानं मांडून झाली होती.

“आत्या, ही बोट घ्यायला नको होती आपण,” मी म्हणाले.

“का गं? महाग पडली म्हणून?”

“महागाचं नाही. त्या बाईचं घर होतं इथे. तिला हलवलं, पाणी स्वच्छ केलं, आणि ते स्वच्छ पाणी बघायला आपण आलो. तिच्या घराच्या जागेवर बसून आपण कोलंबी खातोय.”

“तिने तुला सांगितलं का, की मला वाईट वाटतं म्हणून?”

“नाही.”

“उलट, परत जायचं नाही असं सांगितलं. मग तिच्या वतीने तू कशाला दुःखी होतेस? पाण्यावरच्या घरात पोराला रात्री ताप चढला तर दवाखाना किती लांब, याचा विचार कर. तुमचं ते मोठं वादळ झालं ना 2024 च्या सप्टेंबरात, काय नाव त्याचं...”

“यागी.”

“हां, यागी. धक्क्याला बांधलेल्या पर्यटकांच्या बोटी त्यात बुडाल्या, मासे पाळायचे तराफे फुटून गेले. त्या दिवशी कुआ वानमध्ये माणसं असती तर? आणि ती घरं तरंगायची कशावर? स्टायरोफोमच्या ठोकळ्यांवर. ते झिजून त्याचे पांढरे दाणे बेटांच्या कडेकडेने साचायचे. उठवणं चूकच होतं, असं इतक्या सहज नाही म्हणता येणार.”

हे सगळं खरं होतं आणि मला ते माहीत होतं. तरी माझं समाधान झालं नाही, कारण माझा आक्षेप त्याच्या पुढचा होता.

“मान्य,” मी म्हणाले. “पण घाण काय फक्त त्यांचीच होती? शेकडो पर्यटक बोटी इथे रोज फिरतात. इंजिनाचं तेल, संडासाचं पाणी, स्वयंपाकघरातलं खरकटं. आणि तिकडे काठावर होन गाई आणि काम फा आहेत. 1888 मध्ये फ्रेंचांनी तिथे कोळशाची कंपनी काढली, त्या पट्ट्यातल्या खाणी आजही चालू आहेत. बोटी नाही उठवल्या, खाणी नाही उठवल्या. तीनशे कोळी कुटुंबं उठवली. साफसफाई करायची म्हटली की हात पहिल्यांदा कोणाच्या घराला लागतो, एवढंच मला विचारायचंय. आणि आपली बोट पांढरी का आहे, ते माहितेय तुला? आधी या लाकडाच्या रंगाच्या असायच्या. 2012 मध्ये इथल्या प्रशासनाने सगळ्या पर्यटक बोटी पांढऱ्या रंगवायला लावल्या. दोन वर्षांनी गावं हलवली. बघणाऱ्याच्या नजरेसाठी आधी बोटींना रंग दिला, मग माणसांना दुसरी जागा दिली.”

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. बोट एका सुळक्याच्या अगदी जवळून जात होती. प्रत्येक बेटाच्या पायथ्याशी भरतीच्या रेषेला एक खाच असते. दगड खालून आत खाल्लेला आणि वरचा कडा पाण्यावर झुकलेला. त्या खाचेत कालवांच्या शिंपा दाटीवाटीने चिकटलेल्या होत्या आणि त्यांच्या वर, ओल संपते तिथून, दगडावर करडी धार आलेली होती.

“ही चुनखडी,” आत्या म्हणाली. “तीसेक कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होता हा. वर आला, मग पावसाने त्याला खाल्लं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी किंचित आंबट होतं आणि भेगाभेगांतून दगड विरघळवत जातं. उरले ते सुळके. हिमयुग सरलं, समुद्र चढला आणि मधल्या दऱ्या बुडाल्या. सोळाशेहून जास्त बेटं म्हणतात ना इथे, ते सगळे डोंगरमाथे आहेत. आपण आत्ता बुडालेल्या दऱ्यांवरून चाललोय.” आणि मग, थांबून, “ते आपल्या घराला नवीन नाही.”

आत्याच्या माहेरचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, अण्णांचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. साठच्या दशकात धरण झालं आणि गाव शिवसागराखाली गेलं. भावकीतलं कोणी सोलापूरकडे गेलं, कोणी रायगड-ठाण्याकडे. त्या पाण्याच्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने चालले, घरं उजळली. आज लोक तापोळ्याला आणि बामणोलीला बोटिंगला जातात. खाली गावं बुडाली आहेत, हे बोटीत बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं?

“अण्णा कधी बसले नाहीत त्या बोटीत,” आत्या म्हणाली. “तुझा बाबा बसला, तुम्हा पोरांनाही घेऊन गेला. अण्णा काठावर थांबले. मला दोघांचंही पटायचं.”

“दोघांचं कसं पटेल? एकाचं तरी चूक असेलच की.”

“का? बामणोलीच्या बोटी तिथल्याच गावकऱ्यांच्या आहेत. तुझ्या बाबाने भाडं दिलं ते ज्यांची शेतं खाली गेली त्यांच्या घरात गेलं. गाव गेलं, पण पाण्यावरचा हक्क थोडा तरी हाती राहिला. इथे या बोटीचा मालक कोण आहे?”

“एक कंपनी. आणि त्या बाईला वल्हवायचे पैसे मिळतात.”

“मग फरक तिथे आहे. ती पगारी आहे, मालक नाही.”

आत्याची बाजू आता माझ्याकडे सरकली असं वाटून मी घाईने पुढे गेले. “म्हणजे यायलाच नको, हेच ना?”

“थांब. तू आली नाहीस तर त्या बाईचं काय होईल? करोनात हा देश बंद होता, 2022 च्या मार्चमध्ये उघडला. तेव्हा कोणी येत नव्हतं. त्या काळात तिच्या घरात काय आलं असेल? मासेमारी सुटलेली आणि होडीत बसायला माणूस नाही. न येण्याने तुझे हात स्वच्छ राहतील, तिची चूल नाही पेटणार.”

“पण ‘माझ्या पैशाने तिची चूल पेटते’ हे वाक्य मला सहनच होत नाही. दर पर्यटक तेच म्हणतो.”

“नकोच म्हणू. आपण दिलेले पैसे ही तिची मजुरी आहे. मजुरी दिली म्हणजे तिच्या घराच्या जागेची परवानगी मिळाली, असं होत नाही. या दोन गोष्टी लोक मुद्दाम एक करतात.”

इथे मी माझ्या मनातली जुनी गोष्ट बोलून टाकली. मला ते गाव तसंच राहायला हवं होतं. तरंगती घरं, होडीतून शाळेला जाणारी पोरं, जाळी विणणारी म्हातारी माणसं. त्यांना तिथेच राहू देऊन सोयी द्यायला हव्या होत्या.

आत्या एकदम सावरून बसली. “तुला हवं होतं ना? तेच म्हणते मी. एकाला रिकामं पाणी बघायला हवं, दुसऱ्याला कोळ्यांसकट पाणी बघायला हवं. दोघेही बघणारेच. त्यांच्या पोरांनी होडीतून शाळेत जावं, कारण ते तुला गोड वाटतं? अण्णांना कोणी म्हणालं असतं, तुम्ही खोऱ्यात कंदिलावरच राहा, तुमची कौलं छान दिसतात, तर त्यांनी त्याला काठी दाखवली असती.”

हे मला लागलं. माझ्या हळहळीत माझी हौस मिसळलेली होती आणि ती वेगळी काढून बघायला मी तयार नव्हते. पण त्यातून एक गोष्ट मला दिसली, ती अजूनही पटते. रिकामं पाणी आणि भरलेलं पाणी यातलं चांगलं कोणतं, हे बोटीत बसून ठरणारच नाही. काय राहावं, काय जावं आणि गेल्यावर काय मिळावं, हे ठरवण्यात त्या पाण्यावर जन्मलेल्यांचा आवाज किती होता, न्याय-अन्याय त्यावर ठरतो. मुलीला शाळा मिळाली हा लाभ आहे. आईचं पाणी सुटलं हा तोटा आहे. एकीच्या लाभातून दुसरीचा तोटा वजा करून बाकी काढायची, असं गणित मांडणारे आपण कोण?

“आणि या बोटीचा थाटमाट?” मी विचारलं. “काचेचं जेवणघर, वरच्या डेकवर आरामखुर्च्या. त्यामुळे सगळं चित्रासारखं लांब राहतं, असं नाही वाटत?”

“नाही वाटत,” आत्या स्पष्टच म्हणाली. “माझे गुडघे बघ. ती तोपच्या शेकडो पायऱ्या मला चढता येणार नाहीत, साध्या बोटीच्या शिडीवरूनही मला उतरता येणार नाही. आणि 2025 च्या जुलैमध्ये इथेच अचानक वादळ येऊन पर्यटकांची बोट उलटली, तीसहून अधिक माणसं गेली. पोरंही होती त्यात. भक्कम बोट, नीट जाकिटं, अनुभवी कप्तान, याला मी चैन म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाने आरामात बसून तीस कोटी वर्षांचा दगड बघितला, तर त्यात पाप नाही. तुझं दुखणं खुर्चीत नाही.”

“मग मी अण्णांसारखं काठावर थांबले तर?”

“तुला नाही तसं थांबता येणार. अण्णांचं गाव गेलं होतं. नकार देताना त्यांच्या गाठीला ते गाव होतं, म्हणून तो नकार त्यांना शोभला. तुझ्या नकाराची तुला काय किंमत पडणार? एक रविवार घरी. पडली तर त्या बाईला पडेल.”

मला हे अजून पूर्ण पचलेलं नाही. नकाराचा हक्क ज्याचं गेलं त्याचाच, हे मान्य केलं तर बाकीच्यांच्या हाती काय उरतं? मी माझं म्हणणं मांडलं. सकाळी गाइडने माइकवर ड्रॅगनची दंतकथा सांगितली, 1994 मध्ये हालाँग जागतिक वारसा झालं ते सांगितलं, 2023 मध्ये त्यात काट बाची बेटं आली ते सांगितलं, त्या बेटांवर शंभरही न उरलेल्या लंगूर माकडांबद्दल तर फार कळवळून सांगितलं. कुआ वानचं नावही घेतलं नाही. निदान ते सांगितलं जावं. प्रत्येक तिकिटातला ठरलेला हिस्सा हा फाँगच्या कुटुंबांना मिळावा. आणि इथे कोणत्या बोटी चालाव्यात, कशा चालाव्यात, हे ठरतं तिथे त्यांची माणसं बसावीत. मी पैसे भरते, तर एवढं मागायचा मला अधिकार आहे, आणि मी कंपनीला तसं लिहिणार आहे.

आत्याला यातलं पहिलं पटलं, दुसऱ्याबद्दल तिने मान हलवली, तिसऱ्यावर मात्र ती अडली.

“त्या लोकांनी तुला सांगितलंय का, आमच्यासाठी हे मागा म्हणून?”

“नाही.”

“मग आधी त्यांना विचार. त्या बाईला विचार, तिच्या आईला विचार. तुझी यादी त्यांची असेलच असं नाही. कदाचित त्यांना हिस्सा नको असेल, होडीचा परवाना हवा असेल. कदाचित मासेमारी परत हवी असेल.”

“विचारलं असतं गं. पण माझं व्हिएतनामी गाव विचारण्यापुरतंच आहे. आईशी बसून एवढं बोलता येण्यासारखं नाही.”

“मग शिक की,” आत्या म्हणाली. “हानोईत राहतेस ना?”