पत्त्याला लागणारी कात्री

मुकुंदवाडी, नारेगाव, रांजणगाव शेणपुंजी. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटली की या वस्त्यांतल्या मेडिकलवर गर्दी होते. "घसा धरलाय, पावरची गोळी द्या," एवढं सांगितलं की कात्री चालते आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या पत्त्यातल्या दोन गोळ्या हातात पडतात. चिठ्ठी मागितलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

अशा माणसाला अडाणी म्हणणं मला पटत नाही. घाटीची, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी मुख्यतः सकाळची. केसपेपर, तपासणी, औषधाची खिडकी, अशा तीन रांगांत दिवस गेला की रोज बुडाला. दोन गोळ्यांचे पैसे आणि एक खाडा यांचा हिशेब तो अचूक करतो. त्यात नळाला पाणी येतं कित्येक दिवसांच्या खंडानं. साठवलेल्या पाण्यानं पोट बिघडतं. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही, मीठ-साखरेचं पाणी पुरतं. पण दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहायचं असतं, म्हणून पुन्हा गोळी. बरं वाटलं की उरलेली डब्यात जाते आणि पुढच्या तापात शेजारणीला दिली जाते. ती मायेनंच दिलेली असते.

मला जास्त भीती कात्रीची वाटते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं सांगणारी लाल रेघ पत्त्यावर असते. पत्ता कापला की औषधाचं नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर. पुढे आजार बळावून माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा "आधी काय घेतलं?" या प्रश्नाला "पांढरी, लांबट गोळी" एवढंच उत्तर त्याच्यापाशी असतं. आधीच्या अर्धवट डोसामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडेनासा होऊ शकतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीनं तर क्षयाचा खोकला काही दिवस दबतो. निदान लांबतं आणि तेवढे दिवस एका खोलीत राहणारं घर त्या खोकल्यासोबत झोपतं.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली. सेफिक्झिमसारखी औषधं विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. अ‍ॅझिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिनला चिठ्ठी हवीच, पण त्यांना ही वही नाही. नियम कडक करा, असं म्हणणं सोपं आहे. पण औषध हाती पोचणंही तितकंच महत्त्वाचं आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली ती पेनिसिलिन देशातच तयार व्हावं म्हणून. औषध न मिळाल्यानं न्यूमोनियात माणसं दगावतात, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. वस्तीत संध्याकाळी डॉक्टर नसताना नुसतं काउंटर बंद केलं, तर खरोखर गरज असलेला माणूसही हात हलवत परत जाईल.

म्हणून माझी मागणी आधी सरकारी दवाखान्यांच्या वेळेची आहे. कामगार वस्त्यांत रात्री नऊपर्यंत तपासणारा डॉक्टर हवा, आणि चिठ्ठीवरचा पूर्ण कोर्स तिथेच फुकट मिळायला हवा. मेडिकलवाल्यांनाही एक सांगणं आहे: सुटी गोळी द्यावीच लागली, तर पुडीवर औषधाचं नाव आणि तारीख मराठीत लिहून द्या. त्याला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.