लाराचा बाप

"मामा, तसं काही झालंच नव्हतं." मोबाइलवरची नजर न काढता भाचा हे बोलला आणि माझी चिडचिड सुरू झाली. विषय अगदीच फालतू होता. लारा क्रॉफ्ट हिमालयात विमान कोसळूनही जिवंत राहिली आणि एकटी चालत खाली आली, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर त्याचा निकाल आला, "ते आता कॅनन नाही." कॅनन म्हणजे कंपनीच्या शिक्क्याची गोष्ट. शिक्का काढून घेतला की ती नुसती खोटी ठरत नाही, ती घडलेलीच नसते. जी बाई मुळात जन्मलीच नाही तिच्या आयुष्यात काय घडलं नाही यावर दोन शहाण्या माणसांनी भांडावं, हे जतमध्ये कोणाला सांगायची सोय नाही. इथे भांडायला पाण्याचे विषय पडलेले आहेत.

टूम्ब रेडर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ज्यांनी खेळला त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना दोन पिस्तुलं घेऊन पडक्या देवळांतून उड्या मारणारी बाई एवढं पुरे. मुद्दा आहे तिच्या भूतकाळांचा. 1996 च्या पहिल्या खेळासोबतच्या पुस्तिकेप्रमाणे लारा एका लॉर्डची मुलगी. एकविसाव्या वर्षी स्कीइंगहून परतताना विमान हिमालयात कोसळतं, ती एकटी वाचते, दोन आठवड्यांनी एका गावात पोचते. घरी आल्यावर तिला त्या सुखवस्तू घरात गुदमरायला होतं. ती भटकू लागते, घरचे तिच्याशी संबंध तोडतात आणि ती प्रवासावर लिहून पोट भरते. 2006 च्या 'लेजंड'मध्ये विमान तेच, पण आता लारा नऊ वर्षांची आहे, सोबत आई आहे, आणि नेपाळमधल्या एका पडक्या मंदिरात ती आई तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. संबंध तोडणाऱ्या लॉर्डच्या जागी रिचर्ड नावाचा पुराणवस्तू शोधणारा बाप आलेला असतो. 2013 मध्ये सगळंच नव्याने मांडलं. एन्ड्युरन्स नावाचं जहाज, यामाताई नावाचं बेट, घाबरलेली, जखमी पोर, आणि मागे बदनाम होऊन मेलेल्या बापाची सावली. मधल्या काळात 2001 चा सिनेमा येऊन गेला होता. त्यात अँजेलिना जोलीच्या लाराचा बाप झाला होता जोलीचा खराखुरा बाप, जॉन व्हॉइट. माझ्या मते बापाचं हे प्रकरण तिथूनच बळावलं.

निमित्त आणि कारण यांत मी फरक करतो, आणि तो फरक सगळीकडे लावून बघायची मला खोड आहे. पहिल्या लाराचं विमान कोसळणं हे निमित्त होतं. त्याच विमानातून दुसरी कोणी वाचली असती तर घरी येऊन तिने जन्मभर विमानात पाय ठेवला नसता. लाराने घर सोडलं ते लाराला सोडावंसं वाटलं म्हणून. हे असं का वाटलं, याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं आणि कोणाला ते हवंही नव्हतं. नंतरच्या लारांना मात्र कारणं मिळाली. आई हरवली म्हणून ती शोधते, बाप बदनाम झाला म्हणून ती सिद्ध करते. जिला घरच्यांनी टाकलं आणि जिने त्याची फिकीर केली नाही, ती आता बापाच्या वह्या काखेत घेऊन बापाच्याच वाटेने चालते. तिला म्हणे खोली आली. मला तर ती वयाने लहान झाल्यासारखी वाटते.

भाचा सांगलीला इंजिनीअरिंगला आहे आणि त्याला कारणं आवडतात. त्याचं म्हणणं, तुमची लारा बाहुली होती. तिला रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती, आणि तुम्ही पोरं तिच्याकडे कशासाठी बघत होता ते बोलू नका. शेवटच्या मुद्द्यावर मी गप्प बसलो. पहिल्या दोन मुद्द्यांवर बसणार नाही. 2013 च्या खेळाचं लेखन ऱ्हियाना प्रॅचेट यांचं. त्यात लारा पहिल्यांदा माणूस मारते तो प्रसंग चांगला आहे. ती थरथरते, तिला उमळून येतं. आणि मग? मग थोड्याच वेळात खेळणारा तिच्याकडून पाच, पंधरा, पन्नास माणसं लोळवून घेतो, कारण खेळ तसाच रचलेला आहे. लिहिलेला भूतकाळ एक सांगतो आणि बोटं दुसरंच करतात. नाटक-सिनेमात हे चाललं नसतं. खेळात पात्राचा खरा भूतकाळ तोच, जो आपण त्याच्याकडून करवून घेतला. 1997 च्या दुसऱ्या भागात लाराच्या वाड्यात चहाचा ट्रे घेऊन मागे मागे फिरणारा एक म्हातारा बटलर आहे. त्याला फसवून शीतघरात नेऊन कोंडणं हा जगभरच्या पोरांचा उद्योग होता. आमच्याकडे बेदाणा कोल्ड स्टोरेजला लावतात तसा आम्ही त्याला लावून येत असू. ते कुठल्याच कॅननमध्ये नाही. पण ते झालं नव्हतं असं मला कोणी सांगून बघावं.

इथे भाच्याने ठेवणीतला पत्ता काढला. ज्या टोबी गार्डने लारा घडवली त्यानेच 2006 मध्ये परत येऊन 'लेजंड'ला हातभार लावला. म्हणजे निर्मात्यालाच बदल मान्य आहे, तुम्ही कोण? शिवाय गार्डच्या पहिल्या आराखड्यात ती लारा नव्हतीच. ती होती लॉरा क्रूझ, दक्षिण अमेरिकेतली. खेळ बाजारात येण्याआधीच तिचं नाव, देश आणि आईबाप बदलून झाले होते. मग मूळ कुठलं धरायचं?

निर्मात्याच्या मुद्द्याचं मला फारसं काही वाटलं नाही. लिहिणारा दहा वर्षांनी आपल्याच गोष्टीकडे परत येतो तेव्हा तोही एक वाचकच असतो, फक्त त्याच्या हातात पेन असतं. पण लॉरा क्रूझने मला वेगळ्याच वाटेला लावलं. ज्या पुस्तिकेची मी तरफदारी करतोय ती मी त्या वयात पाहिली तरी होती का? कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आमच्यापर्यंत आलेली सीडी नकललेली होती, आणि नकललेल्या सीडीसोबत पुस्तिका कुठून येणार? आम्हाला पूर्वकथा सांगितली ती क्लासमधल्या एका थोरल्या पोराने: लारा कलकत्त्याची आहे. पुरावा पक्का होता. खेळाच्या सुरुवातीच्या चित्रफितीत ती कलकत्त्याच्या इम्पीरियल हॉटेलात बसलेली दिसते. तिसरा भाग तर सुरूच भारतातल्या जंगलात होतो, तिथे माकडं आहेत, वाघ आहेत आणि गंगेच्या नावाचा एक टप्पा आहे. हिमालयातलं विमान मी पुष्कळ उशिरा वाचलं. ते वाचताना कलकत्त्याची लारा पुसली गेली नाही. ती तिथेच राहिली, शेजारी दुसरी येऊन बसली.

अशा शेजाराची आपल्याला सवय आहे. गुड्डापूरची दानम्मा ही आमच्याच तालुक्यातल्या उमराणीची लिंगम्मा, बसवेश्वरांच्या काळातली शरण, दानामुळे दानम्मा झाली. आणि तीच पार्वतीचा अवतार. कार्तिकात चालत येणारा भक्त यातली एक गोष्ट टाकून दुसरी घेत नाही. मार्गशीर्षात जतला जिची यात्रा भरते त्या यल्लम्माचंही तेच. पुराणातल्या रेणुकेला परशुरामाच्या वराने तिचं आयुष्य जसंच्या तसं परत मिळतं. दक्षिणेकडच्या लोककथांत मात्र दोन बायकांची शिरं तुटतात, जोडताना अदलाबदल होते आणि देवी अर्धी एकीची, अर्धी दुसरीची होऊन उठते. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे! तरी ते मिटवायला कोणी समिती नेमलेली नाही.

नेमली असती तर काय झालं असतं? त्याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि ते इतकं चांगलं आहे की जरा आडवाट झाली तरी चालेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने देशभरातल्या हस्तलिखितांवरून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. वि. स. सुकथनकरांनी संपादलेलं आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झालं, सगळं महाभारत 1966 मध्ये. त्या आदिपर्वात द्रौपदी स्वयंवरात "सूतपुत्राला वरणार नाही" असं म्हणत नाही. तो प्रसंग फार थोड्या आणि उशिराच्या हस्तलिखितांत सापडतो म्हणून संपादकांनी मूळ संहितेत घेतला नाही. कर्णाच्या कपाळावरची सगळ्यात मोठी जखम पंडितांनी मोजमाप करून काढून टाकली. आणि पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, मराठीत दोन पुस्तकं आली. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये ही आवृत्ती समोर ठेवून एकेका पात्राचं कवच सोलून काढलं, आणि युधिष्ठिराचा बाप विदुर असावा अशी शंका बोलून दाखवली. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाला नव्याने कवच चढवलं. वृषाली दिली, शोण दिला, सहा जणांच्या तोंडून त्याचं आयुष्य सांगवलं. आज आमच्या भागात कोणालाही कर्णाच्या बायकोचं नाव विचारा, वृषाली म्हणून सांगेल, आणि ते व्यासांचं नाही म्हटलं तर तुम्हालाच वेड्यात काढेल.

निमित्त आणि कारण हा माझा लाडका फरक लावला तर सावंतांचा कर्ण कारणांनी खचाखच भरलेला आहे. त्याच्या प्रत्येक कृतीमागे अपमान आहे. मला तो राग यायला हवा जो रिचर्ड क्रॉफ्टचा येतो. येत नाही. 'मृत्युंजय' मी आवडीने वाचलंय. म्हणजे भूतकाळ भरून काढण्यावर माझा जो आक्षेप होता तो तेवढासा खरा नसावा, किंवा अपुरा असावा. सावंतांनी केलेलं चालतं आणि कंपनीने केलेलं चालत नाही, असा यात फरक तरी काय?

तो फरक सुकथनकरांच्या पानांवर आहे. संपादकांनी मूळ संहितेतून जे श्लोक काढले ते फेकून दिले नाहीत. पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत, कुठल्या हस्तलिखितात काय आहे या नोंदीसकट, ते छापले. द्रौपदीचा नकार त्या ग्रंथातून हद्दपार झालेला नाही. तो खाली बारीक टायपात बसला आहे आणि ज्याला हवा त्याला मिळतो. सावंतांनीही कोणाच्या घरातलं महाभारत उचलून नेलं नाही. याउलट 'लीग ऑफ लेजंड्स' या ऑनलाइन खेळातल्या व्हिक्टरचं बघा. 2011 पासूनचा व्हिक्टर हा शरीर दुबळं आहे म्हणून आपल्या हाताने स्वतःला लोखंडाचा करून घेणारा शास्त्रज्ञ होता. निर्णय त्याचा होता, तो चुकीचा असेल, भयंकर असेल, पण त्याचा. मग 'आर्केन' ही मालिका आली. तीतला व्हिक्टर आजारी, हळवा, नशिबाने भलत्याच शक्तीच्या तावडीत सापडलेला. मालिका फार सुंदर आहे, तीही मी आवडीने पाहिली. पण कंपनीने मालिकाच अधिकृत ठरवली आणि 2025 च्या सुरुवातीला खेळातला व्हिक्टर तिच्याप्रमाणे नव्याने घडवला. आता मूळ रूपातला व्हिक्टर खेळायचा म्हटलं तर मिळत नाही. सीडी असती तर ती कपाटात तरी राहिली असती. हा खेळ सर्व्हरवर आहे, तिथे तळटीप नसते.

जतच्या माणसाला यात काही ओळखीचं वाटेल. 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला, आधार म्हणून पाण्यासाठी वैतागून केलेले जुने ठराव पुढे केले, आणि आठवडाभर दोन्हीकडचे वाहिनीवाले आम्ही मूळचे कोण ते आम्हालाच समजावत होते. अधिकृत पूर्वकथा सांगणारा नेहमी बाहेरूनच का येतो, कोण जाणे.

तर लाराची बातमी अशी, की तिचे खेळ बनवणाऱ्यांनी 2021 मध्ये, तिच्या पंचविसाव्या वर्षी, जाहीर केलं: जुनी लारा आणि नवी लारा यांचे काळ जोडून एकच सलग आयुष्य करणार. भाचा खूश आहे. आता सगळं जुळेल म्हणतो. आणि ज्या माणसाने भांडण सुरू केलं तेच मुळी 'जुन्याशी इमान राखा' म्हणून, त्या मला हे जुळणं अजिबात नको आहे. जिला बापाने टाकलं आणि जी बापामागे फिरते, त्या दोघींना सांधायचं तर कुठल्या तरी एकीला खोटं बोलायला लावावं लागेल, बहुधा पहिलीला. ती घराबाहेर पडली खरी, पण मनातून तिला बाबाच हवे होते, असं काहीतरी. नको. तिघी एकमेकींना खोडून काढत राहू देत, कलकत्त्याची धरून चौघी. "म्हणजे आधी बदललं म्हणून राग, आता जुळवतात म्हणून राग," असं भाचा म्हणणार, आणि त्यावर माझ्याकडे खोडायला काही नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला दाखवली. फेब्रुवारी 2024 मध्ये पहिले तीन भाग नव्या चित्रांसह पुन्हा निघाले, गोष्टीला हात न लावता. त्यात एक बटण आहे. खेळता खेळता ते दाबलं की नवी, गुळगुळीत लारा जाऊन 1996 ची कोनाकोनांची लारा त्याच उडीत, त्याच कड्यावर येते; पुन्हा दाबलं की नवी. पूर्वकथेसाठीही कंपनीने असं बटण द्यावं, विमानवाली, आईवाली, जहाजवाली, ज्याला जी हवी ती. भाच्याचं मत पडलं की असलं बटण ठेवलं तर लिहिणाऱ्यांचं काम तिप्पट होईल. होऊ दे की, पगार घेतात.